चंद्रीच्या शिंगांचा रंग

दिवाळीच्या तोंडावर बिल्डिंगच्या गेटला रंग लावायचं आमच्या सोसायटीनं यंदाही ठरवलं आणि मी यंदाही चार दिवस मागच्या बोळातून ये-जा केली. बायको वैतागली. म्हणाली, "रंगाच्या वासानं कुणाचं डोकं दुखतं, कुणाला शिंका येतात. तुमचं नेमकं काय होतं ते तरी सांगा की एकदा."

काय सांगणार? ऑईलपेंट आणि टर्पेंटाइनचा तो उग्र वास नाकात गेला की कोल्हापुरातली आमची राजारामपुरीची गल्ली, क्लासला निघालेली पोरं, रिक्षावाल्यांची भांडणं, सगळं मागे सरतं आणि समोर एक म्हैस येऊन उभी राहते. काळीभोर, तेलानं चमकणारी, सोनेरी शिंगांची. मग माझी चिडचिड सुरू होते. आधी सोसायटीवर, मग गावावर, मग तिथल्या हवालदार आप्पांवर. तिथून वळून ती माझ्याकडे येते आणि माझ्यापाशीच मुक्काम करते.

चिडचिड हा शब्द मुद्दाम वापरतोय. पश्चात्ताप म्हटलं की माणूस उगाच भारदस्त वाटायला लागतो. मला होतं ते दातांत उसाचा धागा अडकल्यासारखं. चौदा वर्षं जीभ तिथंच जाते आणि धागा काही निघत नाही.

हातकणंगल्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथं पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते ती सकाळी. दुपार म्हशींची. भातं कापून झालेली असतात, उसाला तुरे फुटायला लागलेले असतात आणि ऊन असं कोरडं पडतं की वैरणीच्या गंजीवर हात ठेवला तरी चटका बसावा. आठ दिवस आधीपासून घराघरांत म्हशी भादरायचं काम चालू. अंगावरचा केस न् केस काढायचा, तेल चोपडायचं, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर मोरपिसांचा तुरा, पायात चाळ. आणि चार वाजले की सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली गावातून सुटायच्या, मागून आपापल्या मालकाचा आवाज ओळखून, शेपटी वर करून म्हशी पळत सुटायच्या. आवाजानं कानठळ्या बसायच्या. धुरळ्यात माणूस दिसायचं नाही, पण शिंगं दिसायची. रंगवलेली शिंगं तेवढी धुरळ्याच्या वर तरंगत जायची.

ती शिंगं रंगवायचे दस्तगीरचाचा. पाडव्याच्या सकाळपर्यंत चार दिवस खांद्याला पिशवी अडकवून ते घरोघर फिरत. पिशवीत रंगाचे डबे, तीन ब्रश आणि जुन्या धोतराच्या चिंध्या. रंगाचा ओघळ डोळ्यात जाऊ नये म्हणून शिंगाच्या बुडाला आधी चिंधी बांधायची, मग म्हशीशी बोलत बोलत काम सुरू. "हलू नगंस गं माझे आई. नवरी हायस तू आज." टोकाला सोनेरी, खाली तांबडे वेढे, त्याखाली ज्या त्या म्हशीची खूण. सर्जादादाच्या चंद्रीच्या शिंगाला बुडाशी पांढरी चंद्रकोर असायची. ती काढताना चाचा श्वास रोखून धरायचे, आणि बघणारेही.

चंद्री ही गावाची शान होती. सर्जादादाला शिट्टी लागायची नाही, मोटारसायकलही लागायची नाही. गर्दीत उभं राहून त्यानं नुसतं "चंद्रेऽ" म्हटलं की माणसं बाजूला व्हायची आणि ती थेट त्याच्यासमोर येऊन मान वर करायची. मी तेव्हा गावच्या दूध संस्थेत टेस्टर होतो. दोन्ही वेळचं दूध तपासायचं, फॅटचा आकडा सांगायचा. चंद्रीचं दूध मी कॅन न बघता वासावरून ओळखायचो. सर्जादादाचं घर संस्थेला लागून. जाता-येता तिच्या कपाळावर हात ठेवल्याशिवाय माझा दिवस जायचा नाही. ती माझ्या हाताला खाजवून घ्यायची. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय, की पुढचं मी द्वेषानं केलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

पाडव्याची दुपार. गाव जेवून आडवं झालेलं. चाचा सकाळीच रंगवून गेलेले. चंद्री मागच्या परड्यात बांधलेली, शिंगांवर रंग अजून ओला, आणि पोट रिकामं. पळायला हलकी व्हावी म्हणून सर्जादादा आदल्या दिवसापासून तिला वैरण घालायचा नाही. मी कॅन धुऊन परत निघालो होतो. तिनं माझ्याकडे बघून जो आवाज काढला तो मला सहन झाला नाही. संस्थेच्या मागे कडवळाचा तुकडा होता. कडवळ म्हणजे वैरणीची ज्वारी. ती कापून नेलेली होती आणि बुडख्यांतून नवे फुटवे आलेले होते. हिरवेगार, वीतभर, लुसलुशीत. सणाचा दिवस, म्हटलं, चांगलं द्यावं. मी निवडून निवडून कोवळे फुटवे कापले आणि कवळाभर तिच्यापुढे टाकले. तिनं ते असे खाल्ले की बघताना मला बरं वाटलं. अजूनही आठवतं, बरं वाटलं होतं.

कापलेल्या कडवळाचा फुटवा उन्हात विषारी होतो. रिकाम्या पोटी खाल्ला तर जनावर अर्ध्या तासात जातं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. माझा बाप त्यावरून शेजाऱ्यांशी भांडलेला मी पाहिला होता. पण त्या दुपारी ते डोक्यातच आलं नाही, आणि आलं ते ओरडा ऐकून मी पळत परड्यात पोहोचलो तेव्हा. चंद्री आडवी पडलेली होती. तोंडाला फेस. सर्जादादा तिची मान मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या नव्या सदऱ्याला सोनेरी रंग लागला होता. तिच्या तोंडापाशी तीन-चार हिरवी पानं पडलेली होती. मी वाकलो, तिचा फेस पुसायच्या निमित्तानं ती उचलली आणि खिशात घातली.

खाऊ घालणं ही चूक होती. पानं खिशात घालणं ही चूक नव्हती. ते मी समजून-उमजून केलं.

जनावराचा डॉक्टर दिवाळीच्या सुट्टीवर गेलेला. सर्जादादानं दिवस मावळायच्या आत तिला बांधावर पुरलं, हळदकुंकू वाहून, अंगावर लुगडं घालून. म्हणजे तपासायला काही उरलंच नाही, आणि मग तपास सुरू झाला.

गावात कुणी 'चंद्री मेली' म्हणालंच नाही. पहिल्या तासापासून शब्द होता 'खून'. आता विचार करतो तेव्हा वाटतं, गावाला खुनी हवा होता. खुनी नसता तर उरला असता फक्त मांडी रिकामी घेऊन बसलेला सर्जादादा, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तपासाचे प्रमुख हवालदार आप्पा. आप्पा पोलिसात होते हे खरं. तीस वर्षं पोलिसांच्या बँडात क्लॅरिनेट वाजवलं हेही खरं. चोर त्यांनी जवळून पाहिला असेल तर तो मिरवणुकीत खिसे कापताना, आणि तेव्हा त्यांचे दोन्ही हात वाद्यात गुंतलेले. त्यांच्या जोडीला शांताक्का. अक्कांची पिठाची गिरणी. कुणाकडे पावणं आलं, कुणाच्या घरात सासू-सुनेचं बिनसलं, हे त्यांना दळणावरून कळायचं. आणि अक्षर बरं म्हणून लेखनिक मी. गिरणीत, पिठाच्या धुक्यात, संस्थेची कोरी वही मांडीवर घेऊन मी माझ्याच गुन्ह्याचा तपास लिहायला बसलो.

"मयताच्या तोंडाला फेस," आप्पा म्हणाले. "म्हंजे इष. लिव."

"मयत काय म्हणता वो आप्पा? म्हैस हाय ती."

"तपासात समदं मयतच असतंय. तू लिव."

शांताक्का पिठाचे हात झटकत म्हणाल्या, "आदी मला ह्ये सांगा, सकाळधरनं तिच्याजवळ कोण कोण गेलतं? सर्जा, सर्जाची बायको, आणि दस्तगीर."

"आणि मी," मी म्हणालो.

खरंच म्हणालो. आवाज फुटला होता, आणि एका शब्दाचा आधार मिळाला असता तर पुढचंही बाहेर आलं असतं.

"तू तर घरातलाच की रं," अक्का म्हणाल्या. "तुझं कशाला लिवायचं? हो पुढं."

मी पुढं झालो. त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

मग संशय रंगावर गेला. चाचांचं नाव दुसरं काही असतं तर तो इतक्या लवकर तिथं गेला असता का, हा प्रश्न वहीत नाही. मी लिहिला नाही. आमच्याकडे उरुसाला सगळं गाव जातं आणि मोहरमचे पंजे कुणाच्याही दारात थांबतात, 'आमच्यात तसलं काय न्हाय' असं जो तो छातीठोक सांगतो. तरीही तीन नावांतलं एक नाव पिठाच्या धुक्यात आपोआप वर आलं आणि ते वर येताना आम्ही तिघांनी पाहिलं.

आप्पांचा निष्कर्ष असा: रंग नवा होता, डबा कोल्हापुरातल्या नव्या दुकानातला होता, रंगात विष होतं. भुकेल्या म्हशीनं आपलं ओलं शिंग चाटलं आणि ती मेली. पुराव्यासाठी आप्पांनी चाचांच्या डब्यातला रंग आणवून दाण्यांना चोळला आणि ते दाणे स्वतःच्या कोंबड्यापुढे टाकले. दुसऱ्या दिवशी कोंबडा खुराड्यात नव्हता.

"बगितलास?" आप्पा म्हणाले. "कुठंतरी लांब जाऊन मेला. जनावराला समजतंय. लिव."

मी लिहिलं. चार दिवसांनी आप्पांच्या घरून निरोप आला तेव्हा कळलं, कोंबडा जावयाच्या ताटात गेला होता. आप्पांच्या बायकोला प्रयोगाचा पत्ताच नव्हता, भाऊबीजेला जावई आला आणि तिनं तो कापला. म्हणजे विष खाल्लेला कोंबडा जावयानं खाल्ला, वर रस्सा दोनदा मागून घेतला, आणि जावई आजतागायत ठणठणीत आहे. पण तोवर तपास संपलेला होता. वहीत 'कोंबडा मयत' असंच राहिलं.

दूध संस्थेच्या कट्ट्यावर बैठक बसली. चाचांना बोलावणं गेलं. ते पिशवीसकट आले, कारण त्यांना वाटलं कुणाची तरी शिंगं राहिली असतील. आप्पांनी सगळं वाचून दाखवलं, म्हणजे मी लिहिलेलं. चाचा ऐकत होते. मग त्यांनी पिशवीतून सोनेरी रंगाचा डबा काढला, झाकण उचकटलं, बोट बुडवलं आणि ते सगळ्यांसमोर जिभेवर ठेवलं.

चाचांनी जीभ बाहेर काढून एकेकाला दाखवली, डॉक्टरला दाखवतात तशी. जिभेच्या मधोमध सोनेरी ठिपका. माझ्यासमोर आल्यावर म्हणाले, "लिव इलास. दस्तगीरनं रंग खाऊन दावला."

मी पेन टेकवलं. तेवढ्यात शांताक्का म्हणाल्या, "माणसाला चालतंय ते म्हशीला चालतंय असं न्हाय," आणि चार माना हलल्या. आप्पांनी घसा साफ केला. "आमी काय आरोप करत न्हाय, दस्तगीर. गैरसमज करून घेऊ नगंस. फकस्त हितनं पुढं ज्येची त्येनं आपली शिंगं रंगवावी, एवढंच ठरलंय." चाचांनी वहीवर सही केली. ऑईलपेंटचं बोट पुसायचं राहिलं होतं, त्यामुळे सहीशेजारी सोनेरी डाग आहे. ती वही संस्थेच्या कपाटात अजून असेल.

पुढच्या पाडव्याला गावानं आपापली शिंगं रंगवली. ओघळ आलेले, वाकडेतिकडे वेढे, एकाच्या म्हशीचा डोळा सुजला. त्याच्या पुढच्या वर्षी फवारणीचे डबे आले, मग चिकटवायच्या चकचकीत पट्ट्या. चाचा हातकणंगल्याला मुलाकडे राहायला गेले. मीही वर्षभरात गाव सोडलं. राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये काउंटरवर बसतो, लोकांचे रिपोर्ट टाइप करून देतो. दुसऱ्यांच्या रक्तात काय सापडलं ते लिहिण्यात हात बसला आहे.

तीन वर्षांपूर्वी सर्जादादा गेला. शेवटच्या आजारात भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "दस्तगीरला बोलवून घ्यायचं हुतं रं एकदा. बरा माणूस. पर रंगाचं काय मनातनं जाईना." मी त्याला चमच्यानं पाणी पाजत होतो. पाणी पाजत राहिलो. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य घेऊन मी एसटीत बसलो आणि घरी आलो.

तरीही यंदा मी गावी गेलो नसतो. मला हलवलं ते व्हॉट्सॲपनं. गावच्या ग्रुपवर आप्पा दर पाडव्याला 'चंद्री खून प्रकरण' सांगतात. दरवर्षी त्यात भर पडते. यंदा त्यात आप्पांनी चाचांना 'पळताना पकडलं' होतं, आणि खाली साठ-सत्तर जणांनी हात जोडले होते. त्यातले निम्मे तेव्हा बालवाडीत होते. गेटच्या रंगाचा वास घरात घुमत होता. मी बायकोला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि तुम्ही मागच्या बोळातून जाताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात. आप्पांच्या घरी, पुढच्या सोप्यात आप्पा आणि शांताक्का, दोघंही आता सत्तरीपार, मधे चकलीचा डबा. मी उभ्यानंच बोललो. कडवळ, फुटवे, खिशातली पानं, सगळं.

आप्पांनी चकली खाली ठेवली. मग दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागले.

"तू?" शांताक्का म्हणाल्या. "आरं, तुझ्या हातनं झुरळ मेलं न्हाय कदी."

"अक्का, मी सांगतोय न्हवं, मी घातलं खायला!"

"किती वाजता?" आप्पांचा आवाज एकदम हवालदाराचा झाला.

"दीडच्या सुमाराला."

"वहीत लिवलंय, दीड वाजता परड्यात कोण नव्हतं."

"ते मीच लिहिलंय आप्पा! खोटं लिहिलंय!"

"म्हंजे तवा खोटं लिवलंस, आन् आता खरं बोलतोस, ह्येला पुरावा काय?"

मी कपाळावर हात मारला. "आणि तो कोंबडा? जावयानं खाल्ला, जावई जिवंत हाय की!"

"जावयाचा कोठाच तसला हाय," आप्पा म्हणाले. "त्येचं सोड. मला येवडं सांग, तू कुणाला पाठीशी घालतोयस?" आणि शांताक्का पुढे सरकल्या, डोळे बारीक करून. "आप्पा, मला वाटलंच. ह्येच्यात आणि कोणतरी हाय." चौदा वर्षांनी त्या दोन म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मला पाहवेना. मी निघालो तेव्हा मागे नव्या नावांची यादी सुरू झाली होती. गावात खुनी व्हायलासुद्धा लायकी लागते, आणि मी 'घरातलाच' होतो.

तिथून हातकणंगले. स्टेशनच्या रस्त्यावर एका शेडमध्ये चाचा गाड्यांच्या नंबर प्लेटा रंगवतात. आता प्लेटा छापून येतात, त्यामुळे काम बेताचंच. एका टेम्पोच्या पाठीवर नाव काढत होते. तोच वास. मला मागचा बोळ नव्हता. दारात उभा राहून मी सगळं सांगितलं, दुसऱ्यांदा, यावेळी हळू. चाचांनी मधे एकदाही थांबवलं नाही. काना, मात्रा, वेलांटी पूर्ण केली आणि ब्रश चिंधीला पुसला.

"आवडीनं खाल्लं तिनं?"

"व्हय."

"उपाशी हुती बिचारी. रंगवताना सारखी माझा खिसा हुंगत हुती." त्यांनी ब्रशचे केस बोटांनी सरळ केले. "पर ह्ये मला कशापाय सांगतोस, इलास? मी न्हवं केलं, ह्ये मला पहिल्या दिसापास्नं ठाव हाय. साऱ्या गावात ह्ये ठाव असलेली दोनच माणसं. मी आन् तू."

दोनच माणसं. चौदा वर्षं चाचांच्या बाजूनं असू शकणारा एकच साक्षीदार, आणि तो लेखनिक म्हणून बसलेला.

"आप्पांना सांगितलं चाचा. ऐकत नाहीत."

"मग लिव की. तवा बी तूच लिवलंतंस. तुझं चांगलं अक्षर बगूनच मी सई केलती."

"चाचा, मला माफ..."

"त्ये ऱ्हाऊ दे. त्ये मागनं बगू." त्यांनी पाठ वळवली आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. राग दिसत नव्हता, आणि दुसरंही काही दिसत नव्हतं. मी पायरी उतरलो तशी मागून हाक आली.

"इलास, लिवताना आणि एक लिव. म्हशीला आपलं शिंग चाटाय येत न्हाय. जीभ पोचतच न्हाय तिथवर. घरटी दोन-दोन म्हशी हाईत त्या गावात. येवडं तरी कळू दे."

लिहिलं, चाचा. तेव्हाही कट्ट्यावरच्या एकालाही हे सुचलं नव्हतं, दोन वेळा म्हशींचं दूध तपासणाऱ्या मलासुद्धा. आणि सुचलं असतं, तरी त्या दिवशी मी ते लिहिलं नसतं.